पोलिसाची लेखणी आणि आपली सही



या व्याख्यानमालेत बोलण्याचे निमंत्रण आले तेव्हा चालकांनी विषयाची निवड आमच्यावरच सोपवली होती. 'पोलीस आणि नीती' असा विषय आम्ही कळवला. त्यावर चालकांपैकी एका स्नेह्यांनी दूरध्वनी करून विचारले, "ही दोन निरनिराळी व्याख्याने धरायची काय?" आम्ही हसलो, आपणही हसलात. या हसण्यातच आजच्या विषयाची निम्मी अडचण आहे. ज्या गोष्टीची चीड यावी तिचा आपण विनोद करून टाकला आहे. आणि विनोद झालेली गोष्ट दुरुस्त करण्याच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही.

पोलिसांच्या लाचलुचपतीची एखादी तरी गोष्ट आपणांपैकी प्रत्येकाच्या पोतडीत आहे. कोणाची गाडी घाटात अडवली, कोणाचे पारपत्राच्या चौकशीचे काम चहापाण्यावाचून पुढे सरकले नाही, कोणाच्या भाच्याला सोडवण्यासाठी मांडवली करावी लागली. या साऱ्या गोष्टींत एक मौज असते. सांगणारा गृहस्थ नेहमी निर्दोष असतो. पैसे त्यानेच दिलेले असतात. परंतु 'काय करणार, द्यावे लागले' एवढ्या चार शब्दांत तो मोकळा होतो. ही गोष्ट सांगण्याची आमचीही पाळी अनेकदा आली आहे. आज मात्र आम्ही जी गोष्ट सांगणार आहोत, तिच्यात आम्ही निर्दोष नाही.

पंचवीसेक वर्षे झाली. पावसाळ्याचे दिवस होते. कोणत्या ठाण्याच्या हद्दीत हे घडले, ते सांगण्याचे कारण नाही. एका शेतकऱ्याचा विहिरीवरचा पाण्याचा पंप चोरीला गेला होता आणि तो एका कातकरी पोराच्या झोपडीत सापडला, असे पोलिसांचे म्हणणे होते. आम्ही काही कामानिमित्त ठाण्यावरून जात असता ओळखीच्या हवालदारांनी हाक मारली. "साहेब, एक सही पाहिजे, पाच मिनिटांचं काम." मेजावर पंचनामा लिहून तयार होता. आम्ही घड्याळाकडे पाहिले, छत्री कोपऱ्यात टेकवली आणि सही केली. झोपडी पाहिली नाही, पंप पाहिला नाही. खरे सांगायचे तर कागदही धड वाचला नाही. हवालदारांनी चहा पाजला. आपण सरकारी कामाला हातभार लावला, अशा समाधानात आम्ही घरी आलो.

दोन वर्षांनी न्यायालयाचे समन्स आले. आम्ही साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहिलो. आरोपीच्या वकिलांनी अगदी साधा प्रश्न विचारला, "झोपडीचे दार कोणत्या दिशेला होते?" बाहेर व्हरांड्यात हवालदारांनी 'दार पूर्वेला' असे आम्हांला पढवून ठेवलेच होते. क्षणभर ते उत्तर जिभेवर आले. मग समोर बसलेल्या त्या पोराकडे नजर गेली आणि आम्ही म्हणालो, "आम्ही तेथे गेलोच नव्हतो." खटला तेथेच मोडला. पोरगा सुटला, परंतु जामीन राहायला कोणी न मिळाल्यामुळे त्याने कित्येक महिने तुरुंगात आधीच काढले होते.

बाहेर आल्यावर आम्ही मनाशी म्हणत होतो की, शेवटी का होईना, आपण खरे बोललो. तेवढ्यात हवालदार जवळ आले. रागावले नव्हते, थकलेले दिसत होते. म्हणाले, "साहेब, त्या दिवशी मी भर पावसात दोन तास बाजारात फिरलो. पंच म्हणून चला, असं दहा जणांना विनवलं. एकही आला नाही. तुम्ही त्या वेळी भेटला असता, तर आला असता का?" या प्रश्नाचे उत्तर आम्ही तेव्हा दिले नाही. आज या व्यासपीठावरून देतो: बहुधा आलो नसतो.

ही गोष्ट एवढ्या विस्ताराने सांगण्याचे कारण असे की, पोलिसाच्या नीतीविषयी बोलताना आपण त्याच्या खिशाकडे पाहतो आणि त्याच्या लेखणीकडे पाहायचे विसरतो. पोलिसाची सत्ता काठीत आहे, अशी आपली समजूत असते. काठीचा वळ महिन्याभरात जातो. पण ठाण्याच्या दैनंदिनीत, फिर्यादीत आणि पंचनाम्यात जे लिहिले गेले, ते माणसाच्या मागे वर्षानुवर्षे लागते. न्यायाधीश घटनास्थळी नसतात. त्यांना जे दिसते ते त्या कागदाच्या खिडकीतून. कागदावर जे आले नाही, ते कायद्याच्या जगात घडलेच नाही. आणि जे खोटे आले, ते घडले असे धरून पुढचे सारे रामायण होते. पैसे दिले जातात तेही बहुतेक वेळा एवढ्यासाठीच की, लेखणी चालावी, थांबावी किंवा वाकडी व्हावी. लेखणी सरळ राहिली, तर लाच देणाऱ्याला विकत घेण्यासारखे फारसे काही उरत नाही.

हे आमचे नवे संशोधन नव्हे. इंग्रज सरकारलाही ही गोष्ट ठाऊक होती. महसूल वसूल करण्यासाठी आणि कबुलीजबाब काढण्यासाठी सरकारी नोकर लोकांचा छळ करतात की काय, याची मद्रास इलाख्यात एका आयोगाने चौकशी केली. छळ होतो, असा त्याचा निष्कर्ष १८५५ साली प्रसिद्ध झाला. १८६१ च्या फौजदारी संहितेने पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब पुराव्यातून बाद केला. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याने तोच नियम कायम ठेवला, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही तो तसाच आहे. दीडशे वर्षांहून अधिक काळ कायदा पोलिसाला सांगत आला आहे: तुझ्यापुढे आरोपी काय बोलला, ते तू लिहिलेस म्हणून आम्ही खरे मानणार नाही. १९०२-०३ मध्ये फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या पोलीस आयोगानेही दल भ्रष्ट आणि जुलमी मानले जाते, असे स्पष्ट लिहिले.

मग कायद्याने विश्वास कोणावर टाकला? आपल्यावर. झडती घ्यायची तर त्याच परिसरातले दोन किंवा अधिक निःपक्षपाती आणि प्रतिष्ठित रहिवासी हजर हवेत, त्यांच्या देखत झडती व्हावी, सापडलेल्या वस्तूंची यादी त्यांच्यासमोर करून तिच्यावर त्यांची सही घ्यावी, असा दंडक आहे. पंच म्हणजे साहेबांच्या टेबलाशी सही करणारा इसम नव्हे. पोलिसाच्या लेखणीवर समाजाने बसवलेला तो पहारेकरी आहे. 'प्रतिष्ठित रहिवासी' हे शब्द वाचले की आम्हांला आमची ती छत्री आठवते. पहारेकरीच झोपला, तर चोराला दोष कोणत्या तोंडाने द्यायचा?

नोंद आणि देखरेख यांवाचून सत्ता हाती आली म्हणजे काय होते, हे पुण्याने फार पूर्वी पाहिले आहे. घाशीराम सावळदास १७७७ पासून पुण्याचा कोतवाल होता. नाना फडणिसांचा त्याच्यावर वरदहस्त होता. १७९१ च्या ऑगस्टअखेर दक्षिणेसाठी आलेल्या तेलंगी ब्राह्मणांना त्याच्या माणसांनी चोरीच्या संशयावरून कोंडून घातले. जागा अपुरी, हवा नाही. त्यांतले वीसच्या वर लोक गुदमरून मेले. मानाजी फाकडे यांनी कोठडी उघडवली तेव्हा ते उघडकीला आले. पुढे जमावाने घाशीरामाला दगडांनी ठेचून मारले. नाटकामुळे ही कथा घरोघरी माहीत झाली आहे. परंतु आपण तिच्यातला सूड लक्षात ठेवतो आणि साधा प्रश्न विसरतो. किती माणसे कोंडली, कोणाच्या हुकुमाने कोंडली, रात्री त्यांची विचारपूस कोणी केली, याचा जाब त्याच रात्री मागणारा कोणी का नव्हता? जाब मागायची सोय नसली की शेवटी दगड उरतो. दगडाने कोतवाल मरतो, कोतवाली सुधारत नाही.

दोनशे वर्षांपूर्वीच्या पुण्याचे उदाहरण सोयीचे असते. तेथे आपले कोणी नसते. म्हणून आता आपल्या मावळात येतो. ९ ऑगस्ट २०११, क्रांतिदिन. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद नळातून पाणी नेण्याच्या योजनेला विरोध करण्यासाठी मावळातले शेतकरी बौरजवळ द्रुतगती मार्गावर जमले. रस्ता अडला, दगडफेक झाली, पोलिसांनी गोळीबार केला. तीन माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत एक स्त्री होती. या सभागृहात बसलेल्यांपैकी काहींची त्या घरांशी ओळख असेल, काहींचे नातेही असेल. म्हणून त्याविषयी फार बोलण्याचा अधिकार आम्ही सांगत नाही. पाण्याच्या योजनेची बाजू-प्रतिबाजूही आजचा विषय नाही.

आमचा प्रश्न लेखणीपुरता आहे. जमाव पांगवताना इशारा द्यावा, बळ कमीत कमी वापरावे, गोळी झाडण्याचीच वेळ आली तर हुकूम कोणाचा हे स्पष्ट असावे, झाडलेल्या प्रत्येक गोळीचा हिशेब लागावा, अशी पोलिसांची शिस्त आहे. हा सगळा हिशेब गोळीबार करणारेच लिहितात. त्या दिवशी मात्र तेथे वृत्तवाहिन्यांचे कॅमेरे होते. रस्त्याकडेला उभ्या मोटारींच्या काचा गणवेशातली माणसे फोडत आहेत, हे लोकांनी घरी बसून पाहिले. सरकारला न्यायालयीन चौकशी आयोग नेमावा लागला. कॅमेरा नसता तर त्या काचा कोणाच्या नावावर लिहिल्या गेल्या असत्या, हा विचार मनात आला की अस्वस्थ व्हायला होते. काच फुटणे ही मृत्यूपुढे क्षुल्लक गोष्ट. परंतु फुटलेल्या काचेविषयी ज्या नोंदीवर आपला विश्वास बसत नाही, तिच्यावर गोळीविषयी कसा बसावा? मावळातल्या माणसाच्या मनात त्या दिवशी जे तुटले, ते एवढेच होते आणि एवढे मोठे होते.

एवढी मोठी गोष्ट एका दिवसात होत नाही. तिची तयारी रोज, अगदी किरकोळ व्यवहारांत होत असते. आपले लोणावळे घ्या. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची माणसे भुशी धरणावर लोटतात. वाहनांची रांग हलत नाही. अशा वेळी मूठभर शिपाई सकाळपासून भिजत उभे असतात. एखाद्या उपाहारगृहाची वेळ संपली तरी दिवे चालू असतात, एखाद्या बंगल्यात रात्रभर ध्वनिवर्धक चालतो, एखादी गाडी नको तेथे उभी असते. या प्रत्येक ठिकाणी नियमाने एक कागद व्हायला हवा. आणि या प्रत्येक ठिकाणी कागद न करण्याची एक किंमत ठरू शकते. ज्याला आपण हप्ता म्हणतो, तो न लिहिलेल्या कागदांचा महिन्याचा हिशेब असतो. तो देणारे परग्रहावरून येत नाहीत.

आणि न लिहिलेल्या कागदाची खरी किंमत दुसराच कोणी देतो. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली. त्यानंतर धोक्याच्या ठिकाणी जाण्यास, सायंकाळनंतर थांबण्यास बंदीचे हुकूम निघाले. बंदीचा हुकूम तिच्या अंमलाइतकाच खरा असतो. पहिल्या माणसाला ओळखीने आत सोडले, दुसऱ्याला चहापाण्यावर सोडले, की तिसऱ्याला अडवण्याचा नैतिक अधिकार शिपायाजवळ उरत नाही. ओळखीने जाणारे ते पहिले गृहस्थ बहुधा आपल्यासारखेच प्रतिष्ठित असतात, हे सांगायला नको.

जमिनीचे प्रकरण याहून अवघड. द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पुरा झाला आणि मावळातल्या जमिनीला सोन्याचा भाव आला. सातबाऱ्यावर नाव एकाचे, कब्जा दुसऱ्याचा, विसार तिसऱ्याने घेतलेला. रात्रीतून कुंपण पडते. सकाळी म्हातारा शेतकरी ठाण्यावर जातो, तर त्याला सांगतात, "बाबा, हे दिवाणी प्रकरण आहे, कोर्टात जा." कित्येकदा ते खरोखरच दिवाणी असते. परंतु मारहाण झाली, धमकी दिली, उभे पीक तुडवले, तर तो दखलपात्र गुन्हा असू शकतो आणि त्याची फिर्याद लिहून घेणे ही ठाणे अंमलदाराची मेहरबानी नसते. ललिताकुमारी खटल्यात १२ नोव्हेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितले की, माहितीवरून दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर फिर्याद नोंदवणे बंधनकारक आहे. त्या म्हाताऱ्याला घटनापीठ माहीत नसते. ते माहीत असणारा एखादा मास्तर, एखादा दुकानदार त्याच्याबरोबर ठाण्यावर जातो की नाही, यावर बरेच अवलंबून असते.

अमेरिकेतल्या न्यूयॉर्क शहरात असाच प्रश्न उभा राहिला होता. फ्रँक सर्पिको या पोलिसाने खात्यातली लाचखोरी उघड केली आणि १९७० साली नॅप आयोग नेमला गेला. आयोगाने १९७२ च्या अहवालात भ्रष्ट पोलिसांचे दोन वर्ग सांगितले. एक, शिकार करून मांस खाणारे. दुसरे, समोर येईल तेवढे गवत खाणारे. पहिले थोडे आणि भयंकर. दुसरे पुष्कळ आणि दिसायला निरुपद्रवी. आयोगाच्या मते रोगाचे मूळ या दुसऱ्या वर्गातच होते, कारण त्यांच्यामुळे लाच ही प्रतिष्ठित गोष्ट होऊन बसते. आम्ही यात एवढीच भर घालतो की, गवत खाणाऱ्याला गवत टाकणारा कोणीतरी असतो.

आता दुसरी बाजू न सांगणे अन्यायाचे होईल. शिपायाची ड्यूटी ठरल्या वेळी सुरू होते, संपण्याची वेळ कोणी सांगत नाही. दिवाळीला तो बंदोबस्तात, गणपतीत तो बंदोबस्तात, पालखीत तो बंदोबस्तात. आठ तासांची पाळी २०१६ साली मुंबईच्या देवनार ठाण्यात प्रयोग म्हणून सुरू झाली, तेव्हा तिची बातमी झाली. इतर कामगारांना जो हक्क फार पूर्वी मिळाला, तो येथे प्रयोग ठरतो! शिवाय बदलीची टांगती तलवार असते. एखाद्या अधिकाऱ्याने एखाद्या मोठ्या माणसाच्या बंगल्यावर कागद केला, तर त्याच्याच बदलीचा कागद आधी निघतो, हे त्याच्या हाताखालचे लोक पाहतात आणि धडा घेतात. प्रकाशसिंग या निवृत्त पोलीस महासंचालकांच्या अर्जावर २२ सप्टेंबर २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. महत्त्वाच्या पदांवर निदान दोन वर्षे मुदत द्या, बदल्यांसाठी मंडळ करा, तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमा, असे त्यात सांगितले होते. महाराष्ट्राने २०१४ साली पोलीस कायद्यात दुरुस्ती करून राज्य आणि विभाग पातळीवर अशी प्राधिकरणे ठेवली. कायदा झाला, त्याची माहिती किती जणांना आहे, हे आपण आपल्याच शेजाऱ्याला विचारून पाहावे.

याच दलात तुकाराम ओंबळे होते. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीजवळ त्यांनी अतिरेक्याच्या बंदुकीची नळी हातांनी धरून ठेवली आणि गोळ्या स्वतःच्या अंगावर घेतल्या. त्यांच्या शौर्याविषयी पुष्कळ बोलले गेले आहे. आमच्या आजच्या विषयाच्या दृष्टीने त्यांनी आणखी एक गोष्ट केली. त्यांच्यामुळे आरोपी जिवंत हाती लागला. त्यामुळे खटला उभा राहिला, साक्षीपुरावे झाले, कबुलीजबाब दंडाधिकाऱ्यांपुढे लिहिला गेला, त्याला वकील मिळाला, आणि २९ ऑगस्ट २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम केली. साऱ्या जगासमोर आपण एक स्वच्छ कागद ठेवू शकलो. चकमकीत मेलेल्या माणसाची गोष्ट एकच बाजू सांगते; जिवंत धरलेल्याची गोष्ट न्यायालयात तपासून पाहता येते.

गेल्या तीस वर्षांत नोंद स्वच्छ राहावी म्हणून न्यायालयांनी आणि कायद्याने बरेच केले. डी. के. बसू खटल्यात डिसेंबर १९९६ मध्ये अटकेचे नियम घालून दिले: अटक करणाऱ्याच्या छातीवर नावाची पट्टी हवी, अटकेचा कागद जागेवर करून त्यावर घरच्या माणसाची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठिताची सही हवी, नातलगाला कळवले पाहिजे, दर अठ्ठेचाळीस तासांनी वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे. डिसेंबर २०२० मध्ये प्रत्येक ठाण्यात कॅमेरे बसवण्याचा आदेश झाला. नव्या नागरिक सुरक्षा संहितेने झडती आणि जप्तीचे चित्रीकरण सक्तीचे केले आहे. हे उत्तम आहे. परंतु यंत्राच्या मागेही माणूसच असतो. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. पुढे रक्ताचा नमुनाच बदलल्याचा आरोप झाला. वरिष्ठांना वेळेवर न कळवल्याबद्दल ठाण्यातले दोन अधिकारी निलंबित झाले. दोषी कोण, हे न्यायालय ठरवील; आम्ही बोलणार नाही. बोध एवढाच की, पहिल्या काही तासांत जे लिहिले गेले नाही, ते नंतर जगातल्या कोणत्याही यंत्राने भरून काढता येत नाही.

मग आपण करायचे काय? सभेत हात वर करून पोलिसांना नीतिमान करण्याचा ठराव पास करता येत नाही. आपल्या हातात आपली सही आहे, तिच्यापासून सुरुवात करू. पंच म्हणून बोलावले, तर जावे. वाजवी कारणाशिवाय नकार देणे हा कायद्याने गुन्हाही आहे. गेल्यावर स्वतः पाहावे, वाचावे, चुकीचे असेल ते दुरुस्त करायला लावावे आणि मगच सही करावी. कोऱ्या कागदावर सही मागितली, तर नम्रपणे नाही म्हणावे. फिर्याद दिली, तर तिची प्रत मागून घ्यावी. ती विनामूल्य मिळते. ठाण्यावर फिर्याद घेतली नाही, तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवावे, तेथेही झाले नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जावे. लाच मागितली, तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार आहे. मात्र नाइलाजाने द्यावी लागली आणि सात दिवसांत कळवले, तर कायदा त्याला संरक्षण देतो. 'काय करणार, द्यावे लागले' हे चार शब्द आता सात दिवसच चालतात, असे म्हणा ना!

आणि एक गोष्ट याहून अवघड. आपल्या गावात एखादा अधिकारी सरळ लेखणीने काम करू लागला, तर तो पहिला कागद कदाचित आपल्याच दुकानावर, आपल्याच मेहुण्याच्या गाडीवर करील. त्या वेळी पुढाऱ्याला दूरध्वनी करू नये. प्रामाणिक पोलिसाची मागणी आपण सगळेच करतो. त्याचा पहिला दंड भरण्याची तयारी ठेवणारी माणसे गावात किती, यावर तो तेथे किती दिवस टिकेल हे ठरते.

आम्ही सुरुवातीला सांगितलेल्या गोष्टीचा शेवट राहिला. तो कातकरी पोरगा आता प्रौढ झाला आहे. सध्या करवंदांचे दिवस आहेत; परवा तो बायकोसह रस्त्याकडेला पानांच्या द्रोणांत करवंदे विकत बसला होता. आम्ही द्रोण घेतला. त्याने आम्हांला ओळखले की नाही, कळले नाही. घरी येईपर्यंत एकच विचार डोक्यात होता. तो पंप त्याने चोरला होता का? झोपडी पाहून 'चोर येथेच असणार' असे धरून चालण्याची जी सवय आपल्या समाजात खोल रुजली आहे, तिनेच त्याला आरोपी केले, की हवालदारांचे म्हणणे खरे होते? पंप खरोखर त्या झोपडीत सापडला असेल, तर एका गरीब शेतकऱ्यावर अन्याय झाला. सापडला नसेल, तर त्या पोराच्या आयुष्यातले कित्येक महिने आपण चोरले. यांतले खरे कोणते, हे आज कोणालाही सांगता येणार नाही. त्या दिवशी तेथे जाऊन ते पाहण्यासाठी कायद्याने ज्याला नेमले होते, तो गृहस्थ चहा पीत होता.